हलका अ‍ॅल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट: खर्च करण्यासारखा आहे का?

चौथा गिअर

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, इंजिन पुढे, सहा गिअर हाताने टाकायचे. इंजिनात काही करायचं नाही, ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) वाटेला जायचं नाही. खालचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता दांडा, मात्र खुणावतोय. कंपनीचा शाफ्ट लोखंडी, दोन तुकड्यांचा, मधे त्याला तोलून धरणारं सेंटर बेअरिंग, सगळा मिळून १७ किलोच्या आसपास. त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट बसतो, तो ९ किलोचा. बोल्ट काढा, बोल्ट लावा, कापाकापी काही नाही.

विकणारे म्हणतात की फिरणारं वजन कमी झाल्यामुळे पिकअप सुधारतो, चाकांपर्यंत जास्त ताकद पोचते, गिअर चटकन पडतात. 'फिरणारा एक किलो म्हणजे बसलेले दहा किलो' असंही वाचलं. खरं असेल तर माझे ऐंशी किलो वाचले की!

कुणी बसवलाय का? फरक खरंच जाणवतो की खर्च केलाय म्हणून जाणवतो? आणि आवाज वगैरे वाढतो का?

टॉर्कवेडा

डोळे मिटून घ्या. मी बसवलाय. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की गाडी लगेच उत्तर देते. आधी पाय दाबला आणि गाडी उचलली यात एक पुसटशी फट असायची, ती गेली. गिअर बदलतानाचा झटकाही कमी झाला. पैसे वसूल.

किंचित तिरकस

आठ किलो कमी करायचे आहेत ना? आधी डिकी रिकामी करा. तिथे काय काय सापडेल ते इथे लिहा, आम्हालाही करमणूक.

निवांत नाना

डिकी कशाला, मला गाडीतून उतरवलं तर सत्त्याऐंशी किलो कमी होतात. बायको तर म्हणते पिकअप तेवढ्यानेच सुधारेल.

ग्रीसगन

चौथा गिअर ऊर्फ चौगि, मुळात बदलायचा का आहे? जुना चांगला आहे ना? की कुठे थरथर, आवाज, काही आहे? तसं असेल तर आधी ते सांगा. उत्तर त्यावर ठरतं.

वर्तुळ

'फिरणारा एक किलो म्हणजे दहा किलो' हे वाक्य कुठून उगवलं माहीत नाही, पण ते सगळ्या फिरणाऱ्या वस्तूंना सरसकट लावता येत नाही. वस्तू किती जड आहे याइतकंच ते वजन अक्षापासून किती लांब आहे आणि किती वेगाने फिरतंय याला महत्त्व आहे. अंतराचा वर्ग होतो, वेगाचाही वर्ग होतो.

आकडे मांडतो. टायरची त्रिज्या ३३ सेंमी, डिफरन्शियलचं (चाकांच्या मधल्या गिअरपेटीचं) प्रमाण ३.७३ धरू, म्हणजे चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या. शाफ्ट १७ किलोचा. त्याचं सगळं वजन मधल्या रेषेपासून ४ सेंमीवर आहे असं समजू. हे मुद्दाम जास्त धरलंय, कारण टोकाच्या सांध्यांतला क्रॉस (अधिक चिन्हासारखा तुकडा) आणि योक (त्याला धरणारा चिमटा) यांचं बरंचसं वजन त्याहून आत असतं. जडत्व आलं ०.०२७ किलो-मीटर वर्ग. गाडीच्या सरळ वजनात ते किती होतं? ३.७३ ला ०.३३ ने भागा, वर्ग करा (साधारण १२८), गुणा. उत्तर ३.५ किलो.

म्हणजे शाफ्टचं जडत्व जादूने शून्य झालं, तरी गाडीला साडेतीन किलो हलकं झाल्यासारखं वाटणार. शाफ्ट बदलून ते शून्य होत नाही, फार तर किलोभराचा फरक पडेल. त्यात शाफ्टचे खरोखरचे आठ किलो मिळवा. नऊ किलो. गाडी माणसासकट १६०० किलोची असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शून्य ते शंभरला सहा सेकंद लागत असतील तर ०.०३ सेकंद वाचले.

आता खरी गंमत. अ‍ॅल्युमिनियमची नळी लोखंडीपेक्षा जाड व्यासाची घ्यावी लागते. ७० मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची लोखंडी नळी मीटरला सुमारे ३.३५ किलो भरते. १०० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी मीटरला सुमारे २.४७ किलो. वजन पावपट कमी झालं. जडत्व मात्र व्यास वाढल्यामुळे दीडपट झालं! जाहिरातीत 'फिरणारं वजन' मोठ्या अक्षरात लिहितात, फिरणारं जडत्व लिहीत नाहीत, ते यासाठी.

मग आठ किलो गेले कुठे? नळीत थोडे, आणि बाकीचे सेंटर बेअरिंग, त्याचा ब्रॅकेट, मधला जॉइंट आणि फ्लँज (बोल्ट लावायची चकती) यांत. म्हणजे धातू बदलल्याने वजन थोडंच उतरलं, दोनाचा एक तुकडा केल्याने जास्त उतरलं.

निवांत नाना

वर्ग आला तिथेच मी वर्गाबाहेर. पण ०.०३ सेकंद कळलं. धन्यवाद.

सौदामिनी

+१ वर्तुळ. ही प्रतिक्रिया वाचनखूण करून ठेवतेय.

टॉर्कवेडा

कागदावरचं गणित कागदावर ठीक. माझ्या ओळखीच्याने शाफ्ट बदलायच्या आधी आणि नंतर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवली, चाकांवर ८ एचपी जास्त दिसले. हे कुठल्या वर्गात बसवणार?

वर्तुळ

बसवतो. रोलरच्या डायनोवर गाडी जोर लावून रोलर फिरवते. इंजिन ३००० वरून ६००० ला आठ सेकंदांत गेलं आणि गिअर एकास एक असला, तर शाफ्टही तेवढ्याच फेऱ्यांनी वेग घेतो. त्याला तसा वेग द्यायला शेवटी शेवटी लागणारी शक्ती काढली तर, पुन्हा तेच फुगवलेलं ०.०२७ धरून, साधारण ६७० वॅट येते. ०.९ एचपी. अख्खा शाफ्ट हवेत विरला तर एक एचपीसुद्धा नाही. मग त्यातला थोडासा भाग कमी करून आठ कसे मिळणार?

आणि स्थिर वेगाने घेतलेल्या मापात तर शाफ्टच्या जडत्वाचा संबंधच नाही. वेग बदलत नसेल तर जडत्व काही खात नाही.

आठ एचपी येऊ शकतात ते असे: दुसऱ्या दिवशी हवा थंड होती, टायरमधे हवा जास्त होती, गाडी बांधायचे पट्टे कमी ताणले होते, किंवा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल पहिल्या खेपेपेक्षा गरम होतं. एकाच गाडीचे लागोपाठ काढलेले आकडेही एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात. ३०० एचपीच्या गाडीत दोन टक्के म्हणजे सहा झालेच.

टॉर्कवेडा

म्हणजे आमचं बूडच खोटं बोलतंय म्हणा. सीटवर बसून मला जाणवतंय ते काय मग?

ग्रीसगन

टॉर्कवेडा, तुम्हाला जाणवतंय ते खरं आहे. फक्त ते हलकेपणामुळे नाही. तुमचा जुना शाफ्ट किती चालला होता?

टॉर्कवेडा

एक लाख साठ हजार किमी.

ग्रीसगन

हेच ते. एवढ्या चालीनंतर क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्यांत बेअरिंगच्या बारीक सुया असतात, त्या टोपीत चर पाडतात, मधल्या स्प्लाइनला (दातेरी जोडाला) ढिलाई येते, सेंटर बेअरिंगचं रबर लोळागोळा झालेलं असतं. पाय दाबला की आधी ही सगळी ढिलाई भरून निघते, मग चाकाला जोर मिळतो. तुम्ही म्हणता ती 'फट' ती हीच. नवा शाफ्ट, नवे क्रॉस, मधला जॉइंट गायब, त्यामुळे फट गेली. नवा लोखंडी टाकला असता तरी गेली असती.

घरी बघायचं असेल तर गाडी सपाटीवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा आणि नजर क्रॉसच्या टोपीवर ठेवा. योक आणि क्रॉस यांच्यात केसभर जरी सरक दिसली तरी तो क्रॉस संपला. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसली तर हलवूनही बघू नका. ग्रीस कधीच आटलंय आणि सुया कोरड्या दळल्या जाताहेत.

पुढचंचाक

भारी धागा. माझ्या हॅचबॅकला हा अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट बसेल का? मायलेज वाढेल का?

किंचित तिरकस

एकदा गाडीखाली वाकून बघा. सापडला तर फोटो टाका, कंपनीलाही दाखवू.

सौदामिनी

तिरकसराव, उगाच का पिडताय त्यांना. पुढचंचाक, तुमच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं पुढेच एका गठ्ठ्यात आहे. तिथून दोन आखूड अ‍ॅक्सल थेट पुढच्या चाकांना जातात. मागे जाणारा शाफ्टच नाही. हा धागा मागच्या चाकांवर चालणाऱ्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे.

पुढचंचाक

ओह. म्हणजे माझे शंभर टक्के किलो आधीच वाचलेत.

मीटरभर

मूळ प्रश्नात एक गोष्ट कुणी विचारली नाही: कंपनीने शाफ्ट दोन तुकड्यांचा केलाच का? हौस म्हणून सेंटर बेअरिंग कुणी घालत नाही. ते खर्चिक आहे आणि खराबही होतं.

कारण क्रिटिकल स्पीड. लांब नळी वेगाने फिरवली की एका ठराविक फेऱ्यांना ती मधोमध धनुष्याकृती होऊ लागते, दोरीउड्यांच्या दोरीसारखी. त्या वेगावर राहिलात तर शाफ्ट वाकतो, क्रॉस फुटतो, गिअरबॉक्सचं शेपूट तडकतं. म्हणून त्या वेगाच्या साधारण तीन चतुर्थांशाच्या पुढे जायचं नाही असा दंडक.

वर्तुळ यांचेच टायर आणि डिफरन्शियल घेऊ. ताशी १०० किमीला शाफ्ट मिनिटाला साधारण ३००० फेरे मारतो. वरच्या गिअरमधे तो इंजिनापेक्षाही जोरात फिरतो हे लक्षात ठेवा. दीड मीटरची, ७० मिमी व्यासाची एकसंध लोखंडी नळी असेल तर क्रिटिकल येतो ५१०० च्या आसपास. त्याचे तीन चतुर्थांश ३८००, म्हणजे ताशी १२७ किमी. गाडी तर त्याहून पुष्कळ पळते. त्यापेक्षा नळी मधोमध तोडून दोन तुकडे केले की प्रत्येकाची लांबी निम्मी आणि क्रिटिकल चौपट. प्रश्न मिटला, सेंटर बेअरिंग आलं.

आता सगळ्यांना वाटतं अ‍ॅल्युमिनियम हलकं म्हणून त्याचा क्रिटिकल वर जाईल. नाही जात. क्रिटिकल ठरतो तो धातूचा ताठपणा भागिले घनता या गुणोत्तराच्या वर्गमुळावर. लोखंडाचा ताठपणा २०० गिगापास्कल, घनता ७८५०. अ‍ॅल्युमिनियमचा ६९, घनता २७००. भागून बघा, दोन्हीकडे जवळपास तेच उत्तर येतं. हलकं आहे त्याच प्रमाणात ते लेचंपेचं आहे. त्याच व्यासाची, त्याच लांबीची नळी असेल तर धातू बदलून काही फरक नाही.

फायदा आहे तो असा की अ‍ॅल्युमिनियमची नळी हलकी असल्यामुळे व्यास वाढवणं परवडतं. व्यास वाढला की क्रिटिकल वाढतो. तीच दीड मीटर, १०० मिमी व्यास: ७२०० च्या पुढे. तीन चतुर्थांश ५४००, ताशी १८० किमी. म्हणून एकसंध करता आला.

तेव्हा चौगि, विकणाऱ्याला वजन विचारू नका. व्यास, दोन जॉइंटमधली लांबी आणि क्रिटिकल स्पीड विचारा. तुमच्या गाडीच्या कमाल वेगाला शाफ्ट किती फेरे मारेल ते काढून शेजारी लिहा. आकडा सांगता आला नाही तर पुढच्या दुकानात.

ग्रीसगन

मीटरभर, दंडवत. डिफरन्शियलचे दातेही बदलणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ३.७३ चं ४.१० केलं की त्याच १०० ला शाफ्ट ३३०० वर जातो. मग म्हणतात दाते बदलले आणि थरथर सुरू झाली, मेकॅनिकने काहीतरी बिघडवलं.

डोंगरवाट

आमच्याकडे उलटी तऱ्हा. चार चाकांवर चालणारी उंच गाडी, दगडधोंड्यांतून जाणारी. अ‍ॅल्युमिनियम तिथे नको म्हणजे नको. लोखंडी नळी दगडावर आपटली तर ओरखडा येतो, फार तर खळगा. अ‍ॅल्युमिनियमला खळगा पडला की तिथूनच ती पुढच्या जोराला चिरमटते. आमचे लोक उलट जाड भिंतीची लोखंडी नळी घालतात, वजन वाढलं तरी चालेल. शिवाय लोखंडाला रानात वेल्डिंग मारून घरी येता येतं.

सांधेवाईक

वेल्डिंगचा विषय निघालाच म्हणून. शाफ्टसाठी बहुतेकदा ६०६१-टी६ जातीचं अ‍ॅल्युमिनियम वापरतात. त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्ड मारला की सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात ती प्रक्रिया पुसली जाते आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. चांगला कारखाना हे गृहीत धरून भिंत जाड ठेवतो किंवा वेल्डनंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया करतो. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून लांबी कमी करून घेणं हा लोखंडी शाफ्टचा उद्योग आहे, अ‍ॅल्युमिनियमचा नव्हे.

दुसरं म्हणजे लोखंडाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, ते हळूहळू थकतच राहतं. घाबरू नका, नीट बनवलेला शाफ्ट गाडीला पुरून उरतो. पण 'रेसच्या गाडीतून काढलेला, वापरलेला, स्वस्तात' असा मिळाला तर घेऊ नका.

आणि जिथे रस्त्यावर मीठ टाकतात किंवा समुद्र जवळ आहे तिथे लोखंडी टोपी आणि अ‍ॅल्युमिनियमचा योक यांच्यात गंज लागतो. टोप्यांवर लेप असलेले क्रॉस त्यासाठीच येतात. नेहमीचे घातले तर पुढच्या वेळी हातोडीनेही निघत नाहीत.

चौथा गिअर

बापरे. एवढं काही असेल वाटलं नव्हतं. आवाजाबद्दल कुणी बोललं नाही अजून.

सौदामिनी

मी बोलते. आमच्या गाडीत दोन तुकड्यांचा काढून एकसंध अ‍ॅल्युमिनियमचा घातला. गाडी नवऱ्याची, हौस त्याची, मागे बसणारी मी. शहरात काही फरक नाही. हायवेला मात्र एका ठराविक वेगाला एक बारीक घुमणारा आवाज येतो, कानापेक्षा दातांत जास्त जाणवणारा. वेग थोडा कमी-जास्त केला की जातो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिफरन्शियलचं किणकिणणं ऐकू येतं, जे आधी कधी ऐकू आलं नव्हतं.

शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला, तो ठीकच निघाला. कारण वेगळं होतं. कंपनीच्या शाफ्टला गिअरबॉक्सच्या बाजूला रबरी कपलिंग होतं आणि सेंटर बेअरिंगही रबरात बसवलेलं. दात्यांचा आवाज ती रबरं गिळत होती. आता धातूला धातू जोडलेला, मधे मोठ्या व्यासाची पातळ पोकळ नळी. आवाज सरळ बॉडीत.

नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल 'स्पोर्टी' वाटतं.

किंचित तिरकस

स्पोर्टी म्हणजे ज्याचे पैसे परत मिळत नाहीत ते.

मीटरभर

सौदामिनीताईंनी सांगितलं ते अगदी नेमकं आहे. कंपन्यांना हा त्रास माहीत असतो. काही कंपनी-शाफ्ट कापले की आत पुठ्ठ्याची गुंडाळी निघते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणी कचरा विसरलं. ती नळीचा नाद दाबायला मुद्दाम घातलेली असते. बाहेरून घेतलेल्या शाफ्टमधे ती सहसा नसते.

टॉर्कवेडा

अहो पण मग कंपन्या स्वतः का घालतात अ‍ॅल्युमिनियम? १९८४ च्या कॉर्व्हेटला कंपनीनेच दिलाय. त्यांना गणित येत नव्हतं?

मीटरभर

येत होतं. पण कंपनी पुठ्ठा, रबर, कोन, आवाज हे सगळं एकत्र बसवून गाडी काढते. तुम्ही त्यातला एक तुकडा बदलता. आणि कंपनीला आठ किलो हवेच असतात, कारण तिथे शंभर भागांतून थोडं थोडं काढून शेवटी बेरीज होते.

इंधनकाडी

अवांतर: एवढं करायचंच तर कार्बन फायबर घ्या ना. निस्सान ३५०झेड, माझदा आरएक्स-८ ला कंपनीकडूनच होता.

मीटरभर

कार्बनची गोष्ट खरोखर वेगळी आहे. तिथे ते ताठपणा भागिले घनता गुणोत्तर लोखंडापेक्षा बरंच वर जातं, त्यामुळे क्रिटिकल खरंच वाढतो. १९८५ साली फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनला कंपोझिट शाफ्ट दिला होता. व्हॅन काही शर्यतीची नाही! लांब गाडीत दोन तुकड्यांऐवजी एक चालावा म्हणून.

उलट उदाहरणही आहे. बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम३ आणि एम४ ला कार्बनचा एकसंध शाफ्ट दिला, आणि २०१७ च्या शेवटी काढून पुन्हा लोखंडी घातला. एक्झॉस्टमधे नवा फिल्टर बसवायचा होता आणि त्या जाड नळीमुळे खाली जागा उरत नव्हती. मोठ्या व्यासाची ही दुसरी किंमत. चौगि, तुमच्या गाडीखाली शाफ्ट जातो त्या बोगद्यात १०० मिमीची नळी आणि सायलेन्सरचा पाइप शेजारी शेजारी राहतील का ते मोजून घ्या. गाडी खड्ड्यात आदळल्यावरही राहतील का, तेही.

इंधनकाडी

आणि तुटला तर कार्बनच्या चिंध्या होतात म्हणे. लोखंडी पुढच्या टोकाला तुटला तर रस्त्यात रुतून गाडी उचलतो.

ग्रीसगन

म्हणूनच ड्रॅग रेसिंगमधे पुढच्या जॉइंटजवळ नळीभोवती लोखंडी कडं लावायला लावतात, सेफ्टी लूप. ताकद वाढवलेल्या गाडीला कुठल्याही धातूचा शाफ्ट असो, आधी हे लावा.

हलकाफुलका

अवांतर झालंच आहे तर मीही. वर्तुळ, फ्लायव्हीलचं (इंजिनाच्या टोकाच्या जड चक्राचं) काय? तिथेही असंच थोतांड आहे का?

वर्तुळ

नाही, तिथे खरा माल आहे. फ्लायव्हील गिअरबॉक्सच्या अलीकडे आहे, म्हणून गिअरचं प्रमाणही गुणाकारात येतं आणि त्याचाही वर्ग होतो. पहिला गिअर ३.६ धरा. फ्लायव्हीलचं जडत्व ०.१५ वरून ०.१० केलं तर पहिल्या गिअरमधे गाडी ८३ किलोने हलकी झाल्यासारखी वागते. सहाव्यात (०.८ धरून) तोच फरक फक्त ४ किलो. म्हणून हलक्या फ्लायव्हीलची गाडी पहिल्या-दुसऱ्यात चपळ वाटते. त्याचा दंडही आहे: गाडी जागेवरून उचलताना बंद पडते, आणि आयडलला गिअरबॉक्स खडखडतो.

शाफ्ट गिअरबॉक्सच्या पलीकडे आहे. कुठलाही गिअर टाका, त्याचं आणि चाकाचं प्रमाण बदलत नाही. 'फिरणारा किलो म्हणजे दहा किलो' हे कुणीतरी फ्लायव्हीलवरून उचलून शाफ्टला चिकटवलेलं दिसतंय.

चाकांचंही सांगून टाकतो. प्रत्येक रिम २ किलोने हलकी केली तर चार चाकं मिळून साडेअकरा किलोच्या आसपास फायदा, म्हणजे शाफ्टपेक्षा जास्त. वर खड्ड्यावरून जाताना सस्पेन्शनला कमी ओझं.

निवांत नाना

म्हणजे शाफ्टच्या धाग्यावर रिमा विकल्या गेल्या.

चौथा गिअर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ग्रीसगन यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं. हो, थोडी थरथर आहे. ८० ते १०० च्या दरम्यान सीटखालून बारीक घुं घुं जाणवतं. स्टिअरिंग हलत नाही. जागेवरून निघताना कधी कधी खालून 'टक्' असा आवाज. म्हटलं तसाही शाफ्ट काढावा लागला तर हलकाच घालू. यातूनच विषय सुरू झाला.

ग्रीसगन

आता कसं! हे पहिल्याच पोस्टमधे हवं होतं.

शंभरला चाक सेकंदाला तेरा-चौदा फेरे मारतं, शाफ्ट पन्नास. चाकाचा दोष असेल तर स्टिअरिंग किंवा सीट हलताना वेगळी कळते, जवळजवळ मोजता येईल अशी. शाफ्टचा दोष घुमतो, घुं घुं होतो. तुमचं वर्णन शाफ्टचं आहे. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर ९० ला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. घुं घुं तसंच राहिलं तर इंजिन सुटलं, शाफ्ट सापडला. निघतानाचा 'टक्' म्हणजे क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग. टॉर्च घेऊन सेंटर बेअरिंगचं रबर बघा. शाफ्ट हाताने वर उचलला आणि रबराची कडा फाकली तर तेच.

टॉर्कवेडा

मग तर अ‍ॅल्युमिनियम घ्यायलाच हवा. शाफ्ट निघणारच आहे, क्रॉस बदलायचेच आहेत, सेंटर बेअरिंगचा खर्च आहेच. सगळी बेरीज करा आणि एकसंध शाफ्टशी तुलना करा. फरक वाटतो तेवढा उरत नाही. शिवाय पुन्हा सेंटर बेअरिंग जायची भीती नाही.

वर्तुळ

हा मुद्दा मला पटतो. धाग्यातला पहिला असा जो ०.०३ सेकंदावर अवलंबून नाही.

सौदामिनी

बेरजेत घुमणारा आवाजही धरा.

मीटरभर

आणि कोन. दोन तुकड्यांचा काढून एकसंध घातला की शाफ्टची रेषाच बदलते. क्रॉस कोनात फिरला की पुढचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच उलट कोनात असेल तरच तो चढउतार फिटतो. कोन तीन अंशांच्या आत, दोन्हीकडे सारखे हवेत. अगदी शून्यही नको, सुया फिरायला अर्धा अंश तरी लागतो. गाडी खाली बसवली असेल तर हे आधी मोजा.

चौथा गिअर

काल गाडी वर घेतली. सेंटर बेअरिंगचं रबर अर्ध्या परिघात फाटलेलं आहे, बोट जातं आत. मागच्या क्रॉसच्या एका टोपीतून ती विटकरी पूड निघाली. पुढचा जॉइंट ठीक आहे. एकसंध शाफ्टवाल्याला क्रिटिकल स्पीड विचारला, तर तो म्हणाला 'साहेब, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही'.

तेव्हा सध्या जुनाच शाफ्ट, नवं सेंटर बेअरिंग, नवे क्रॉस आणि बॅलन्सिंग. उरलेल्या पैशांत रिमा बघतोय. एक विचारायचं राहिलं: फ्लँजचे जुने बोल्ट परत वापरले तर चालतील का?

टॉर्कवेडा

नामर्दानगी! :)

ग्रीसगन

बोल्ट नवे घ्या, कंपनीचे, आणि टॉर्क रेंचने आवळा. काढण्याआधी चारही जागी रंगाने खूण करा: गिअरबॉक्सचा फ्लँज आणि शाफ्ट, शाफ्टचे दोन्ही तुकडे मधल्या स्प्लाइनपाशी, मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा फ्लँज, आणि सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटची बॉडीवरची जागा. ब्रॅकेटखाली पातळ पत्रे असतील तर ते जपून ठेवा, कोन त्यांनीच जुळवलेला असतो. स्प्लाइनला एक दात जरी इकडेतिकडे बसला तरी दोन्हीकडचे योक एका रेषेत राहत नाहीत, आणि मग तुम्ही नवं बेअरिंग घालून जुनीच थरथर घेऊन इथे परत याल. बॅलन्सिंगवाल्याकडे दोन्ही तुकडे जोडूनच द्या, सुटे नको.

पुढचंचाक

रिमा कुठल्या बघताय? त्या तर मलाही बसतील.